पाकटाचं पोट आणि घाटाखालचं पाणी

कर्जतच्या बाजारात पाकट येतं ते पोटाशिवाय. ओलं असेल तर दोन्ही बाजूंच्या परांचे तुकडे, सुकं असेल तर मीठ लावून वाळवलेल्या करड्या पट्ट्या, बोंबील-सुकटाच्या शेजारी टोपलीच्या एका कडेला. शेपटी बोटीवरच छाटलेली असते, कारण तिच्यातला काटा कुणालाच नको असतो. पोटातलं सगळं बंदरावर टाकून दिलेलं. त्यामुळे कर्जत-खालापूरकडच्या माणसाला पाकट ठाऊक असतं ते कालवणापुरतं: मांस जाड आणि पांढरं, काटा नाही, मधे दाताखाली सहज तुटणारी कुर्चा, आणि शिळं असेल तर नाकाला झोंबणारा अमोनियाचा दर्प. या पुस्तकाचा विषय मात्र नेमका तो भाग आहे जो आपल्यापर्यंत कधी पोचत नाही. पाकट खाडीत येऊन काय खातं, ते कसं शोधतं, कुठल्या भरतीला खातं आणि त्याच्या खाण्याने खाडीचं काय होतं, एवढीच ही कथा.

डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी ती का वाचावी, हा प्रश्न रास्त आहे. या दोन तालुक्यांना समुद्र नाही. स्वच्छ रात्री माथेरानवरून मुंबईचे दिवे दिसतात, तेवढाच काय तो शेजार. पण उल्हास राजमाचीच्या डोंगरातून निघते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीत जाते. पाताळगंगा खोपोली-खालापूरवरून रसायनी, आपटा, खारपाडा करत धरमतर-करंजाच्या खाडीला मिळते. ज्या चिखलात पाकट तोंड खुपसतं तो चिखल म्हणजे आपल्याच डोंगरांच्या काळ्या पाषाणाची झिजून झालेली माती. त्या चिखलावर जे पाणी चढतं त्यातलं गोडं पाणी किती, हेही बऱ्याच अंशी वरच ठरतं. पाकटाच्या पोटात काय सापडेल हा प्रश्न अर्धा समुद्राचा आणि अर्धा आपल्या नद्यांचा आहे, असं माझं म्हणणं आहे आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच अंगाने लिहिली आहेत.

आधी जनावर ओळखून घेऊ. पाकट आणि मुशी, म्हणजे शार्क, एकाच गोतावळ्यातले. हाड दोघांनाही नाही, सांगाडा कुर्चेचा. पाश्चात्त्य पुस्तकांत ‘स्केट’ या नावाखाली ज्याच्या आहारावर ढीगभर लिहिलं गेलं आहे तो मासा मात्र आपल्या खाडीत येत नाही. खरे स्केट थंड किंवा खोल पाण्यातले. ते चिवट कवचाची चौकोनी अंडी घालतात, आणि आपल्याकडच्या समुद्रात ते किनाऱ्यापासून दूर, तळ खोल उतरत जातो तिथे सापडतात. आपल्या किनाऱ्याला लागतात ती पिल्लं घालणारी, चाबकासारख्या शेपटीची पाकटं, लांबीपेक्षा रुंदीच जास्त असलेली फुलपाखरी पाकटं, टोकदार परांची गरुड-पाकटं, आणि अर्धे मुशी अर्धे पाकट असे गिटारच्या आकाराचे लांबट मासे. भारतातल्या मासेमारीच्या आकडेवारीत ‘स्केट’ या रकान्यात हे गिटारमासेच मोजले जातात, तेव्हा ते आकडे वाचताना जरा सावध असावं. शरीराची ठेवण आणि खाण्याची रीत या सगळ्यांची पुष्कळ मिळतीजुळती आहे. म्हणून युरोप-अमेरिकेत स्केटवर झालेलं काम इथे उपयोगी पडतं, डोळे मिटून नव्हे, पण पडतं.

पाकट उलथं करून पाहिलं की मुख्य अडचण लगेच कळते. डोळे वरच्या अंगाला, तोंड खालच्या. जे खायचं ते या प्राण्याला तोंडात जाताना दिसतच नाही. श्वासाचीही तीच पंचाईत: तळाला चिकटून बसलेलं असताना तोंडाने पाणी ओढलं तर चिखल आत जाणार, म्हणून डोळ्यांच्या मागे दोन भोकं असतात. पाणी तिथून आत येतं आणि पोटाकडच्या पाच-पाच फटींतून बाहेर पडतं. आता तोंडाच्या आजूबाजूची कातडी नीट निरखावी. सुईने टोचून ठेवावं तशी बारीक छिद्रं दिसतात. बोटाने दाबलं तर त्यांतून बुळबुळीत, पारदर्शक, घट्टसर द्रव येतो. मासा साफ करणाऱ्या बाईला तो घाण वाटतो आणि ती तो पाण्याने धुऊन टाकते. इटलीच्या स्टेफानो लोरेंझिनी यांनी १६७८ साली या छिद्रांचं वर्णन करून ठेवलं. ती कशासाठी आहेत याचा उलगडा व्हायला मात्र जवळजवळ तीनशे वर्षं जावी लागली.

तो उलगडा ज्या प्रयोगांनी झाला ते इतके सुबक आहेत की पुढे त्यांना एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. इथे फक्त गाभा सांगतो. आड्रियानस काल्माइन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मुशी आणि काटेरी पाठीचा स्केट वापरले होते. टाकीच्या तळाशी एक चपटा मासा अगार नावाच्या, शेवाळापासून केलेल्या जेलीच्या पेटीत ठेवून त्यावर वाळू पसरली. पेटीतलं पाणी नळीने दुसरीकडे सोडलं, म्हणजे वास भलतीकडे जावा. तरी शिकारी मासे थेट पेटीच्या जागेवर झडप घालत. मग पेटीवर प्लास्टिकचा पातळ कागद घातला, विजेला अडवणारा. मासे गोंधळले, वरून निघून गेले. शेवटी मासा काढून घेतला आणि वाळूखाली दोन विद्युताग्रं पुरून त्यांतून जिवंत माशाभोवती असतो तेवढाच क्षीण प्रवाह सोडला. मुशी आणि स्केट त्या तारांवर तुटून पडले, खणत राहिले, शेजारीच ठेवलेल्या माशाच्या तुकड्याकडे दुर्लक्ष करून. जिवंत प्राण्याच्या अंगाभोवती विजेचं एक पुसट क्षेत्र असतं, आणि ही छिद्रं ते टिपतात. सेंटिमीटरला काही अब्जांश व्होल्ट, इतक्या बारीक फरकापर्यंत.

मुंबईच्या आसपासच्या खाड्यांचं पाणी ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात डोळ्यांवर विसंबून शिकार करणारा मासा एका मर्यादेपर्यंतच पोट भरू शकतो. पाकटाला ती मर्यादा नाही. त्याला चिखलाखाली दबून बसलेली कोळंबी ‘कळते’.

कळल्यावर काय करतं? अंग त्या जागी आणून परांच्या कडा तळाला टेकवतं, खाली एक बंदिस्त जागा तयार होते, आणि तोंडातून पाण्याचा झोत मारून चिखल उडवतं, मग तेच पाणी सावजासकट आत ओढतं. ओहोटीला त्या जागी उथळ, गोलसर खळगे उरतात. जगभरच्या चिखलपट्ट्यांवर अभ्यासक असे खळगे मोजून पाकटं किती आणि कुठे खातात याचा अंदाज घेतात. दुसऱ्या भरतीला त्या खळग्यांत कुजका पालापाचोळा साठतो, तळाची दबलेली माती वर आलेली असते, तिला प्राणवायू मिळतो, बारीक जीव नव्याने वस्ती करतात. शेतकऱ्याला उखळणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. खाडीत ती पाकटं करतात.

दात मुशीसारखे टोकदार नाहीत. चपटे, एकाला एक लागून बसलेले. गरुड-पाकटाच्या जबड्यात तर दात जुळून सलग पाट्याच झालेल्या असतात. त्या पाट्यांखाली शिंपला फुटतो, कवचाचे तुकडे थुंकले जातात आणि मांस तेवढं गिळलं जातं. पाकट चावून खातं, ही गोष्टही बरेच दिवस कुणी मनावर घेतली नव्हती. दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या पाकटांचं वेगवान चित्रीकरण करून अभ्यासकांनी २०१६ साली दाखवलं की किड्यांचं चिवट कवच फोडताना ही पाकटं जबडा आडवाही हलवतात, गाईम्हशी हलवतात त्या दिशेने.

आता आपल्या खाडीचा मेनू. जवळा, करंदी, कोळंबी, लहान चिंबोऱ्या, चिखलात बिळं करून राहणारे लांबट किडे, खुबे, तिसऱ्या, निवटे, मांदेलीसारखे छोटे मासे. सगळी पाकटं सगळं खात नाहीत. पिल्लाचं तोंड लहान आणि जबडा कच्चा, म्हणून त्याचा भर जवळ्यासारख्या मऊ-बारीक जीवांवर आणि किड्यांवर. अंग वाढलं की चिंबोरी फोडता येते, मासा धरता येतो, आणि आहार बदलतो. गरुड-पाकट मुख्यतः शिंपल्यांच्या मागे. म्हणजे एकाच चिखलपट्ट्यावर तीन आकारांची पाकटं एकमेकांच्या ताटात हात न घालता जेवू शकतात. एखाद्या जातीचा आहार ‘अमुक टक्के कोळंबी’ असा सरसकट सांगणारं कोष्टक दिसलं की मी आधी पाहतो, मोजलेली पाकटं केवढी होती.

दुसरी गोष्ट भरतीची. आपल्या भागात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भांगेला तो निम्म्यावर येतो. पाणी चढलं की पाकटं चिखलपट्ट्यावर येतात, उतरू लागलं की खोल पात्राकडे परततात. अमावास्येच्या भरतीत तिवरांच्या मुळांपर्यंत पोचता येतं, अष्टमीच्या भरतीत नाही. तेव्हा एकाच पाकटाला एकाच पंधरवड्यात दोन वेगळ्या पंगती मिळतात. खारेपाटातल्या जुन्या माणसांना हे गणित शाळेत न जाता येतं. बांध कुठल्या तिथीला सांभाळायचा, उघाडीतून पाणी कधी घ्यायचं आणि त्याबरोबर येणारी जिताड्याची पिल्लं तळ्यात कधी अडकवायची, हे सगळं त्याच तिथींवर चालत आलेलं आहे. पाकटाच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्याने नमुना घेतल्याची तारीख लिहिली आणि तिथी लिहिली नाही, तर निम्मी माहिती हरवली असं खुशाल समजावं.

मग हे समजतं कसं? मुख्य मार्ग जुनाच: पोट फाडून आत पाहणं. वाचकाने एकदा तरी, शक्य असेल तर ससून डॉकवर किंवा करंजाला जाऊन, ते जवळून पाहावं. पोट वळणदार पिशवीसारखं, जाड भिंतीचं. कापलं की आधी दिसतो तो करडा लगदा. तो पांढऱ्या थाळीत पाण्याने पसरवायचा आणि चिमट्याने वेचत बसायचं. चिंबोरीच्या नांगीचं टोक लगेच ओळखू येतं. कोळंबीच्या डोक्यावरचा करवती काटा ओळखू येतो. माशाच्या कानातला खडा सापडला तर मासा कोणता आणि केवढा, हेही सांगता येतं. किडे मात्र काही तासांत विरघळतात. त्यांचे जबडे तेवढे, काळ्या कणांसारखे, भिंगाखाली मिळतात. शिंपल्याचं कवच बाहेरच थुंकलेलं असल्याने त्याच्या पायाचा मांसल तुकडा काय तो उरतो, आणि तो नवख्याला कशाचाही वाटू शकतो. परिणाम असा की जे कठीण ते जास्त मोजलं जातं आणि जे मऊ ते कमी. शिवाय डोल जाळ्यात अडकलेलं पाकट तिथेच कोंडलेला जवळा खात सुटतं. ते त्याचं रोजचं जेवण समजून नोंदवलं की झाली फसगत.

या अडचणींवर तोडगे निघाले आहेत. नग किती, वजन किती आणि किती पोटांत सापडलं, या तिन्हींची सांगड घालणारा एक निर्देशांक १९७१पासून जगभर वापरात आहे. जिवंत पाकटाच्या घशात नळी घालून पोट धुऊन काढता येतं आणि मासा पुन्हा सोडता येतो. तिसरा मार्ग मांसातल्या नायट्रोजन आणि कार्बनच्या समस्थानिकांचा. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की जड नायट्रोजनचं प्रमाण ठरावीक वाढतं, त्यामुळे कालचं जेवण नव्हे तर गेल्या काही महिन्यांचा आहार कळतो. इथे पुन्हा आपला बाजारातला दर्प आडवा येतो. पाकट आणि मुशी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात टिकण्यासाठी रक्तात आणि मांसात युरिया साठवतात. मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हाच युरिया नायट्रोजनच्या मोजणीतही घोळ घालतो, म्हणून नमुने आधी धुऊन घ्यावे लागतात. स्वयंपाकघरात पाकट मीठ-चिंचेच्या पाण्यात ठेवून धुणाऱ्या बायका आणि प्रयोगशाळेतले संशोधक एकाच पदार्थाशी झगडत असतात.

मुंबईत या कुळाच्या माशांकडे शास्त्रीय नजरेने पाहण्याची परंपरा नवी नाही, आणि ती आपण विसरलो याचं मला वाईट वाटतं. पी. एन. सारंगधर यांनी वाघमुशीच्या, म्हणजे टायगर शार्कच्या, खाण्याच्या आणि वीण घालण्याच्या सवयींवर १९४३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. एस. बी. सेटना यांच्यासह त्यांनी १९४८ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये करवती मासा आणि मोठा गिटारमासा यांच्या गर्भवाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महायुद्धामुळे कॉड माशाचं तेल यायचं बंद होऊन मुशीच्या यकृताच्या तेलाला भाव आला होता, तो हा काळ. त्या अभ्यासाला पुरतील इतके करवती मासे तेव्हा मुंबईच्या जाळ्यात येत होते. आज करवती मासा आपल्या किनाऱ्यावर दिसणं ही बातमी होते. २००१ साली तो आणि मोठा गिटारमासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. तिथे वाघ आहे, हे कळलं की कोळीवाड्यातल्या तरुणांना अजूनही नवल वाटतं.

पोटात नीट न पाहता निकाल दिला की काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. चेसापीक ही तिथली सर्वांत मोठी खाडी. कॅप्टन जॉन स्मिथ १६०८ साली तिथे उथळ पाण्यात तलवारीने मासे भोसकत असताना एका पाकटाने त्यांच्या हातात काटा मारला. वेदना इतकी की साथीदारांनी कबर खणायला घेतली. संध्याकाळपर्यंत स्मिथ सावरले आणि त्यांनी तेच पाकट खाल्लं. त्या जागेला आजही स्टिंगरे पॉइंट म्हणतात. या खाडीत उन्हाळ्यात गाईच्या नाकाडासारखं तोंड असलेल्या पाकटांचे थवे येतात. २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गाजलेला निबंध आला. त्याचा युक्तिवाद असा: मोठ्या मुशी माणसाने मारल्या, म्हणून ही पाकटं बेसुमार वाढली, आणि त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातला शंभर वर्षांचा स्कॅलप शिंपल्यांचा धंदा बुडवला. गोष्ट सोपी, साखळी सरळ, पाठ्यपुस्तकांत लगेच गेली. ‘खाडी वाचवा, पाकट खा’ अशी मोहीम निघाली. धनुष्यबाणाने पाकटं मारण्याच्या स्पर्धा भरू लागल्या, त्यांत पोटात पिल्लू असलेल्या माद्याही गेल्या.

मग २०१६ साली डीन ग्रब्ज आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. पाकटाची मादी वयात यायला सात-आठ वर्षं घेते आणि वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. असा प्राणी सांगितला गेला त्या वेगाने वाढूच शकत नाही. शिंपले घटले ते पाकटं वाढल्याचं म्हटलं जातं त्याच्या आधीपासून. आणि मुख्य म्हणजे, पोटं उघडून झालेल्या अभ्यासांत कालवं आणि स्कॅलप यांचा वाटा किरकोळ निघाला. पाकटं खात होती ते बहुतांशी बाजारात न विकले जाणारे पातळ कवचाचे शिंपले आणि इतर बारीक जीव. मेरीलँड राज्याने २०१७ साली त्या स्पर्धांवर बंदी घातली. आपल्याकडे खुबे आणि तिसऱ्या कमी झाल्या की बोट दाखवायला पाकट सोपं आहे, ते उलट बोलत नाही. रेतीउपसा, भराव, कारखान्यांचं पाणी हे बोलतात, आणि त्यांचे वकीलही बोलतात.

इथून गोष्ट आपल्या तालुक्यांत येते. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचं पाणी स्वभावाने पूर्वेकडचं. इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत ते बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांच्या कंपनीने ते अडवलं, घाटमाथ्यावरून नळांतून ५०० मीटरहून जास्त खाली उतरवलं आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू केलं. चक्रं फिरवून झालेलं पाणी पाताळगंगेत सुटलं. १९२२ साली ठोकरवाडीच्या धरणावरचं भिवपुरीचं वीजघर आलं आणि आंध्रा नदीचं पाणी पेज नदीवाटे उल्हासला मिळू लागलं. पुढे मुळशीचं पाणी भिऱ्याहून कुंडलिकेत गेलं, तो प्रदेश आपला नाही म्हणून त्यावर फार लिहीत नाही. आपल्याकडे लोक याला सरळ ‘टाटाचं पाणी’ म्हणतात. एप्रिल-मे महिन्यात सह्याद्रीतल्या बाकीच्या नद्या डबक्यांवर आलेल्या असतात. पेज आणि पाताळगंगा वाहत असतात, आणि मुंबईला वीज जास्त लागते त्या वेळी जास्त वाहतात. त्या जोरावर कर्जतकडे उन्हाळी भात होतो, रसायनीचे कारखाने चालतात, शहाडला शहरांसाठी पाणी उचललं जातं. उचलून उरलेलं खाडीत जातं.

खाडीच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यातलं हे गोडं पाणी म्हणजे मोठीच ढवळाढवळ. कुठला शिंपला कुठवर जगेल, कोळंबीची पिल्लं कुठे थांबतील, हे खारेपणा ठरवतो. पाकटाचं तर दुहेरी आहे. गोड्या पाण्यात युरियाचा साठा सांभाळणं जड जातं. ज्या जाती जमवून घेतात त्या तो कमी करतात. आणि विजेची जाण पाण्याच्या खारेपणावर चालते. फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत एक पाकट कायमचं गोड्या पाण्यात राहतं. २००९ साली त्याच्यावर झालेल्या प्रयोगांत दिसलं की त्याला गोड्या पाण्यातही सावजाची वीज टिपता येते, पण समुद्रापेक्षा फार जवळ गेल्यावर. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत लाखो वर्षं काढलेल्या पाकटांची ती छिद्रंही खुजी झाली आहेत. तेव्हा खारपाड्याच्या पुलाखाली भरतीबरोबर चढणाऱ्या पाकटाला पाण्यात गोडेपणा किती, यावर अन्न किती मिळेल तेही ठरतं आणि ते किती अंतरावरून कळेल तेही.

पावसाळ्यात तर सगळा पटच उलटतो. पहिल्या मोठ्या पावसाला कर्जतकडच्या ओहोळांतून मासे शेतांत चढतात आणि कातकरी वाड्यांतली मुलं-माणसं वलगणीला बाहेर पडतात. त्याच पाण्याचा लोंढा दोन दिवसांत खाडीतलं मीठ समुद्राकडे ढकलत असतो. २७ जुलै २०१९ला वांगणी-बदलापूरदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी काढावे लागले. ती बातमी साऱ्या देशाने पाहिली. तेच पाणी पुढे वसईच्या खाडीत शिरलं तेव्हा तळाच्या चिखलातल्या जीवांचं काय झालं, ही बातमी कुणी केली नाही. खारं पाणी लागणारे किडे-शिंपले अशा लोंढ्यात मरतात किंवा गाडले जातात, पाकटं खाडीच्या तोंडाकडे सरकतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर खारेपणा परतू लागला की पंगत पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते.

पाण्याबरोबर काय काय उतरतं हा वेगळा विषय आणि त्याला पुढे जागा दिली आहे. इथे एवढंच: उल्हासच्या खाडीतल्या गाळात पारा साचल्याचं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. चिखलातले जिवाणू पाऱ्याचं अशा रूपात रूपांतर करतात की तो अंगात मुरतो आणि खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे वाढत जातो. जो प्राणी आयुष्यभर त्याच चिखलात तोंड घालून जेवतो आणि सावकाश वाढतो त्याच्याकडे या दृष्टीने पाहिलंच पाहिजे. जगभरातल्या मुशी-पाकटांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त जाती धोक्यात आहेत, असा २०२१चा अंदाज आहे. त्याचं मुख्य कारण अतिमासेमारी आहे, प्रदूषण नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ट्रॉलरच्या जाळ्यात पाकट कुणी मागून घेत नाही, पण आलेलं सोडतही नाही.

एक वाद मात्र नेमका आपल्या पाण्याचा आहे. टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळवलेलं पाणी पुन्हा भीमा खोऱ्याला द्यावं, ही मागणी पुणे-सोलापूरकडून वरचेवर होते. दुष्काळी भागाची ती गरज खरी आहे. रायगडकडून उत्तर दिलं जातं ते भातशेती, कारखाने आणि पिण्याच्या पाण्याचं. खाडी या हिशेबात कुठेच नसते. ती धरावी, पण भाबडेपणाने धरू नये. पाणी तोडलं तर पाकटं मरतील, असं मी लिहिणार नाही, कारण तसं होईलच असं नाही. उन्हाळ्यात खारं पाणी आणखी वर चढेल, खुबे-तिसऱ्यांना वरच्या अंगाला जागा मिळेल, त्यांच्या मागे पाकटंही येतील, आणि त्याच वेळी निमखाऱ्या पाण्यावर वाढणारी कोळंबीची पिल्लं आणि जिताडा यांची जागा आक्रसेल. १९१५च्या आधी उन्हाळ्यातली पाताळगंगेची खाडी आजच्यापेक्षा खारीच असणार. आपण जिला ‘नैसर्गिक’ म्हणतो ती खाडी गेली शंभराहून जास्त वर्षं वीजघराच्या वेळापत्रकावर चालली आहे. सेटना-सारंगधरांनी पाहिलेले मासेही त्याच बदललेल्या पाण्याच्या काळातले.

म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण करंजाच्या बंदरावर सुरू होत नाही. ते खोपोलीला, वीजघरातून पाणी बाहेर पडतं तिथे सुरू होतं, आणि खाली उतरत पाचव्या प्रकरणात खारपाड्याला त्या पाण्याला पहिलं पाकट भेटतं.